रस्ता विचारायला गेलो त्याची हकिकत

भेस्तान, सुरत
१२ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. केतकी हिला भेस्तानच्या धुळीसकट आशीर्वाद.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. नव्या घराचा पत्ता तू कळवलास, तो मी चार वेळा वाचला आणि चारही वेळा मला त्यात मारुती सापडला नाही. मारुती नाही तर निदान पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, पानाचा गल्ला? काही नाही. ‘च्या मागे’ नाही, ‘च्या समोर’ नाही. रस्त्याचं नाव, एक आकडा, गावाचा आणखी एक आकडा, आणि अँटवर्प, बेल्जियम. हा पत्ता झाला की कैद्याची नोंद? आपला पत्ता बघ. डाइंग मिलच्या धुराड्यासमोरची गल्ली, खमणवाल्याच्या मागे, दगा पाटलाच्या शेजारचं घर. वाचता वाचता पोस्टमन अर्धी वाट चालून आलेला असतो. न्यायशास्त्रात ज्ञानाची प्रमाणं चार सांगितली आहेत (वर्गात मी तीनच शिकवतो, चौथ्याच्या आत घंटा होते). तुझ्या पत्त्यात त्यांतल्या एकालाही शिरायला फट नाही.

इकडची हकिकत अशी. परवा कोपऱ्यावर एक गृहस्थ कामरेजची बस कुठे मिळते म्हणून विचारत आले. गल्लेवाला म्हणाला, डावीकडे. रिक्षावाला म्हणाला, उजवीकडे. मी, ज्याने या जन्मात इथून कामरेजची बस धरलेली नाही, धीरगंभीर आवाजात म्हणालो, “सरळ.” माहीत नाही असं म्हणायला जीभ वळत नाही ग. परक्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? इतक्यात आपला दगा लूमवर बारा तासांची पाळी करून येत होता. त्याने डब्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि त्या माणसाला म्हणाला, “कथा जावानं शे, भाऊ? कामरेज? चाल, मी येस तुना संगे.” गेला तो दीड तासाने परतला. बसपाशी त्या माणसाने चहा पाजला, मग याने पाजला, मग दोघांचं आजोळ एकाच तालुक्यातलं निघालं. दारात त्याची बायको, प्रमिलाबाई, उभ्याच होत्या. “रस्ता दखाडाले गयथात का बांधाले?” दगा निमूट पाय धुवायला गेला.

असो. तुझं पत्र घरी न येता शाळेच्या पत्त्यावर का आलं, हे दुसरं पान वाचल्यावर समजलं. फेब्रुवारीत हर्षदाला भावंड येणार, ही गोष्ट मी घरात शिरल्या शिरल्या तुझ्या आईला सांगितली. बाळंतपणाला नागपूरहून तुझ्या सासूबाई, अमितच्या आई, येणार, ही सांगितलेली नाही. सांगेन. योग्य वेळ बघतो आहे. संध्याकाळी शाळेतून आलो की योग्य वेळ येते, पण तेव्हा ती शिवणाच्या मशीनवर बसलेली असते. जुन्या मऊ सुती साड्या फाडून दुपटी शिवते आहे. गल्लीतल्या बायकांकडूनही साड्या मागून आणल्या, कारण म्हणे नव्या कापडाने बाळाचं अंग खरवडतं. आजपर्यंत अकरा झाली. डिंक आणि अळीव आणून ठेवले आहेत. पासपोर्ट कपाटातून काढून देवापाशी ठेवला आहे, त्यावर एक फूलही असतं.

तू लिहितेस, ‘आईच्या हाती मूल सोपवायचा आता धीर होत नाही.’ गेल्या वर्षीच्या त्या दिवसाबद्दल तू लिहितेस, हे कळतं. पण केतकी, आई वेंधळी नाही. तुला वाढवताना तिने एकदाही तुझं डोकं कुठे आपटू दिलं नाही. हात सुटतो कधीकधी, कुणाचाही. तेव्हा एकदा फेरविचार कर, एवढीच विनंती.

हर्षदाला सांग, तिचा सुरतेचा पोपट दिवाळीत नवी शिट्टी शिकणार आहे. कोण शिकवणार, ते विचारू नये.

तुझा,
बाबा

भेस्तान
९ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. केतकी,

धनत्रयोदशीला गल्लीतल्या मेहतांकडे तुझा फोन आला. आई चकलीच्या पिठाच्या हातांनी धावत गेली. रिसीव्हर माझ्याकडे आला तेव्हा त्यावरचं पीठ अजून ओलं होतं, त्यावरून तुमचं बोलणं किती झालं असेल त्याचं अनुमान मी काढलं. घरी येताना विचारलं, “काय म्हणाली?”

“बरी आहे म्हणाली. बाबांना दे म्हणाली.”

“आणि तू?”

“वजन किती वाढलं विचारलं. तेवढ्यात तुम्हाला द्यायची वेळ झाली.”

पुढच्या चकल्या तिने फार नीट घातल्या. एकसारख्या, छापल्यासारख्या. दुपटी एकोणीस झाली आहेत. नागपूरबद्दल मी अजून बोललेलो नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की हात सुटतो कधीकधी. ते वाक्य पेटीत टाकल्यापासून टोचतं आहे. पेटीत हात घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं. त्या दिवशी हात सुटला नव्हता.

तुला आठवत असेल, आम्हाला विमानतळावरून नेतानाच तू नियम सांगितला होतास. “बाबा, इथे रस्ता विचारायचा तर एकदाच, एकालाच, आणि तो सांगेल ते ऐकायचं.” मी तेव्हा हसलो होतो. आपल्याकडे रस्ता विचारणं म्हणजे मतदान. पाच जणांना विचारायचं आणि तीन बोटं जिकडे वळतील तिकडे जायचं. त्या तिघांतले दोन माझ्यासारखे असतात, हा भाग वेगळा.

तर त्या दिवशी आम्ही तिघं प्राणिसंग्रहालयातून निघालो आणि ट्रामचा थांबा सापडेना. आईचा गुडघा धरला होता. ती बाकावर बसली आणि म्हणाली, “तुम्ही विचारून या, मी आणि चिमणी इथेच बसतो.” पण हर्षदा माझ्यामागे निघाली. म्हणजे हात माझ्या हातात होता, आईच्या नव्हे. हे पहिलं.

पहिल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “सॉरी, आय डोन्ट नो,” आणि चालू लागला. मला राग आला. केवढा राग आला, ते आता लिहायला हसू येतं. माहीत नाही म्हणजे काय? जरा थांब, आकाशाकडे बघ, कुणाला तरी हाक मार, माणसासारखा वाग. दुसरी एक बाई भली निघाली. तिने पिशवीतून नकाशा काढला, उलगडला, त्यावर बोट ठेवलं. नकाशा मला वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटली. मी मान हलवली आणि थँक यू म्हणालो.

हर्षदा दमली होती. कोपऱ्यावर पावाचं दुकान होतं. आतली बाई गालाला पीठ लागलेली, लठ्ठ, आपल्या सुरतेच्या चौटा बाजारात कुठल्याही दुकानात शोभावी अशी. दाराशी स्टूल होतं. मी हर्षदाला त्यावर बसवलं आणि बाईला खुणेने सांगितलं, ही इथे, मी तिकडे, दोन मिनिटं. बाईने मान हलवली. मी गेलो.

यात मला काही वावगं वाटलं नाही, हे तुला पटणं कठीण आहे. पण तू स्वतः चार वर्षांची असताना चौटा बाजारात कापडवाल्याच्या गादीवर किती वेळा बसली आहेस. “जरा बघा हं शेठ, आलोच,” एवढं बोललं की पुरे. तू चिंध्यांशी खेळायचीस, शेठ गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता तुझ्यावर नजर ठेवायचा. एकदा तर त्याने तुला खिचडी भरवली होती. त्या पाववालीची मान म्हणजे नुसतं ‘बरं’ होतं, ‘सांभाळते’ नव्हतं. गिऱ्हाईक असेल, येईल आपल्या पोरीकडे, असं तिला वाटलं असणार. बराच वेळ कुणी येईना तेव्हा तिने पोलिसांना बोलावलं. त्यांच्या रीतीने ती बरोबरच वागली.

मी परत आलो तर दारात पोलिसांची गाडी. हर्षदाच्या कोटातल्या चिठ्ठीवरून तुला फोन गेला होता. तू आणि अमित आला होतात. आईही वाट बघून लंगडत तिथवर आली होती. तू विचारत होतीस, “होती कुणाकडे ही?” आणि माझं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “माझ्याकडे होती. गर्दीत हात सुटला. हे तिलाच शोधायला गेले होते.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अमित पाहत होता. जावयासमोर सासऱ्याला खाली बघायला लागू नये, एवढ्यासाठी ती बोलली. आणि मी, शब्दांवर पोट भरणारा माणूस, एक शब्द बोललो नाही. तेव्हाही नाही, ट्राममध्ये नाही, पुढच्या अकरा दिवसांत तू आईशी तुटक बोलत होतीस तेव्हाही नाही. सुरतेला आल्यावर मी तिला म्हटलं, “तू असं का बोललीस?” ती म्हणाली, “मग काय तुम्ही बोलणार होता?”

तेव्हा दोष माझा. थांबा शोधता शोधता वेळ गेला, परका मुलूख, गल्ल्या सारख्या दिसणाऱ्या. आईला बोलाव. तिला दुसरं काही नको आहे.

बाबा

भेस्तान
१४ डिसेंबर १९९७

केतकी,

तुझं पत्र या वेळी घरच्या पत्त्यावर आलं आणि आईने फोडलं. तुझा तोच हेतू असावा. तिने ते उभ्या उभ्या, मोठ्याने, मला वाचून दाखवलं. वर्गात चुकलेल्या मुलाकडून मी उतारा वाचून घेतो तसं. फक्त इथे चुकलेला ऐकत होता.

तू लिहिलं आहेस की हर्षदाने तुला त्याच दिवशी अंथरुणात सांगितलं होतं, ‘आजोबा म्हणाले बस, आणि गेले.’ तुला सगळं आधीच माहीत होतं. दीड वर्ष तू वाट बघत होतीस की आमच्यापैकी कुणी एक जण खरं सांगेल. ‘आई तुमच्यासाठी इतक्या सहज खोटं बोलली. उद्या बाळाला काही झालं तर कुणाला तरी वाचवायला पुन्हा बोलेल, आणि मला खरं कधी कळणारच नाही. म्हणून मी अमितच्या आईंना बोलावलं.’

नागपूरची गोष्ट तिला अशी कळली. वाचताना ती त्या ओळीवर थांबली नाही. सरळ पुढे गेली. शेवटी तुझा प्रश्न होता. ‘बाकापासून ते दुकान दोनशे पावलांवर आहे, बाबा, मी मोजली आहेत. दुकानातली बाई म्हणाली, मुलगी पाऊण तास एकटी होती. पाऊण तास तुम्ही कुठे होता?’

आईने पत्राची घडी केली. मग म्हणाली, “बरोबर आहे तिचं. मी बोलायला नको होतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “विहीणबाईंना डिंकाचे लाडू जमतात का विचारा. नाहीतर कृती लिहून देते. तिकडे गूळ वेगळा असतो, पाक लवकर पुढे जातो.” सव्वीस दुपटी तिने जुन्या लुगड्यात बांधली. अमितच्या ऑफिसातलं कुणी इकडे आलं की त्याच्याबरोबर पाठवायची म्हणाली. सगळं आवरून झाल्यावर तिने मला विचारलं, “पाऊण तास?”

मी म्हणालो, “रस्ता शोधत होतो.”

ती दिवा लावायला आत गेली.

म्हणजे गुरुवारी, तुझं पत्र समोर असताना, मी पुन्हा खोटं बोललो. म्हणून हे पत्र मी पाकीट बंद न करता तिच्या मशीनवर ठेवणार आहे. तिने वाचलं की मगच पोस्टात पडेल. आता ऐक.

दुकानातून निघून मी कोपरा वळलो. समोरून एक गृहस्थ येत होते. कोट तिकडचा, पण चाल आपल्याकडची. मी गुजरातीत विचारलं, “भाई, ट्रामनुं स्टँड क्यां?”

ते थांबले. “सुरतना?”

“हा. भेस्तान.”

“मास्तर लागो छो.”

अग, पाच आठवड्यांत मला कुणी ओळखलं नव्हतं. तुमच्या घरी मी शिकत होतो. कोणता कचरा कोणत्या डब्यात, नळ किती सोडायचा, खिडकी कधी उघडायची, जिन्यात किती हळू बोलायचं. तुमची चूक नव्हती, शिकवणं भागच होतं, आणि अमित तर फार सौम्यपणे शिकवायचा. पण तीस वर्षं खडू धरलेला माणूस पाच आठवडे बाकावर बसला होता. हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते सांगतो.

रसिकभाई त्यांचं नाव. हिऱ्यांचे दलाल, मूळ पालनपूरचे. म्हणाले, “रस्तो तो बतावीशुं, पहेलां चा पीओ.” घर तिथेच, दुसऱ्या मजल्यावर. मी नको म्हणालो, एकदा. आल्याचा चहा आला. त्यांचा भाऊ महिधरपुऱ्यात, माझ्या शाळेवरून रोज जाणारा. मग सुरतेच्या पाण्याची चौकशी झाली, पुराची झाली, माझ्या विषयाची झाली. संस्कृत म्हटल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेवर घालायला त्यांना श्लोक हवा होता. बाजारात मिळतो तसला नको, खास हवा होता.

मी कागद मागितला.

तीन चरण झरझर उतरले. चौथा अडला, म्हणून दुसरा कप घेतला. मुलगी समोर येऊन बसली, तिची आई दारात उभी राहिली. म्हातारे वडील आतून काठी टेकत आले. चौथा चरण जमला तेव्हा मी तो चालीवर म्हणून दाखवला. त्यांनी पुन्हा म्हणायला लावला, मी पुन्हा म्हटला. कन्या हा शब्द त्या चार चरणांत मी दोनदा योजला होता, केतकी. दोनदा तो माझ्या तोंडून गेला आणि पावाच्या दुकानातल्या स्टुलावर बसलेली पोर माझ्या डोळ्यांसमोर आली नाही.

निघताना त्यांनी खाखऱ्याचं पुडकं दिलं आणि रसिकभाई मला थांब्यापर्यंत पोचवायला आले. एवढ्यात ट्राम आली. मी त्यांना नमस्कार केला आणि पायरीवर पाय ठेवला. तिकिटं किती घ्यायची, असं मनात आलं. तीन. तेव्हा मला तुझी आई आठवली, आणि हर्षदा आठवली. पाय खाली घेतला आणि धावत आलो. रसिकभाईंना वाटलं असेल, मास्तर काही विसरले.

पोलिसांच्या गाडीपाशी मी उभा होतो तेव्हा ते पुडकं कोटाच्या खिशात होतं. घरी परतताना मी ते ट्रामच्या बाकाखाली ठेवून उतरलो. हर्षदा आईच्या मांडीवर होती. ते ठेवताना मला एकट्या हर्षदाने पाहिलं.

आई या चहाबद्दल आजवर काही जाणत नाही. मी रस्ता चुकलो, एवढंच ती धरून चालली आहे. मी चुकलेलो म्हणून तिने मला झाकलं. मजेत बसलो होतो हे ठाऊक असतं तर झाकलं असतं की नाही, ते ती हे वाचेल तेव्हा ठरवेल. ती पत्र खाली ठेवेल आणि कुकर लावायला जाईल. मग किती दिवस बोलणार नाही, त्याचा अंदाज मला करवत नाही.

तिला बोलाव, केतकी. विहीणबाईंना मी स्वतः पत्र लिहून त्यांची क्षमा मागेन, अमितला वेगळं लिहीन. आईने एकदा खोटं सांगितलं, ते माझ्या अब्रूसाठी. बाळाच्या अंगाला बोट लागलं तरी ती पहिल्यांदा तुलाच सांगेल. मी बरोबर येणार नाही. तू बोलावलंस तरी नाही.

आजपर्यंत मी स्वतःशी दोष वाटत आलो. थोडा त्या पाववालीला, थोडा त्यांच्या रीतीला, थोडा आपल्या. पण चौटा बाजारात तुला शेठच्या गादीवर ठेवून गेलो की दहा पावलांवर मी वळून बघायचो. त्या पावाच्या दुकानातून निघालो तेव्हा मी वळून बघितलं नाही. पाऊण तास ती माझ्या मनात नव्हती, आणि त्या पाऊण तासात मी सुखात होतो. पुन्हा असं होणार नाही, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मला नव्या बाळाला मांडीवर घ्यायची भीती वाटते.

बाबा